विदर्भाच्या उन्हात एकच गॉगल घ्यायचा तर कोणता घ्यावा, बाईक, वावर आणि ग्राउंड तिन्हीला चालेल असा

मार्च लागला की आठवडी बाजारात, बसस्टँडवर, फाट्यावरच्या रसवंतीशेजारी गॉगलचे स्टँड उभे राहतात. पोट्टे येतात, छोट्या आरशात चेहऱ्याला शोभतो का पाहतात आणि म्हणतात, "सगळ्यात काळा दे भाऊ, ऊन लय आहे." हे दरवर्षी ऐकून राहिलो आणि दरवर्षी वाटतं की कोणीतरी नीट समजावून सांगायला पाहिजे, कारण काच काळी असणं आणि काच डोळ्याला वाचवणारी असणं याचा एकमेकांशी काहीच संबंध नाही. म्हणून सगळं एकदाच लिहितो, लांब होईल पण घेण्याआधी वाचा.

आधी ऊन डोळ्याचं काय करतं ते पाहू. उन्हात दिसणारा उजेड असतो आणि त्याच्यासोबत न दिसणारे अल्ट्राव्हायोलेट म्हणजे यूव्ही किरण असतात. त्यातले २८० ते ३१५ नॅनोमीटरचे यूव्ही-बी आणि ३१५ ते ४०० चे यूव्ही-ए आपल्यापर्यंत पोचतात. उजेडानं डोळे दिपतात ते लगेच कळतं, यूव्हीचं काही कळत नाही, ते वर्षानुवर्षं साचत जातं. मोतीबिंदू लवकर येण्यामागं हे एक कारण आहे. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरून मांसाचा पातळ पडदा वाढत वाढत बुबुळावर येतो, डॉक्टर त्याला टेरिजियम म्हणतात, तोही ऊन, धूळ आणि कोरड्या वाऱ्यात आयुष्य गेलेल्या माणसांत जास्त दिसतो. आपल्याकडं आयुष्य तसंच जातं.

आणि एक गोष्ट लक्षात घ्या, तापमान वेगळं, यूव्ही वेगळे. नवतपात पारा ४५ च्या वर गेला की सगळे दुपट्टे बांधतात आणि गॉगल घालतात, पण यूव्ही किती ते पाऱ्यावर ठरत नाही, सूर्य डोक्यावर किती चढला आणि आभाळ किती मोकळं यावर ठरतं. पातळ ढगातून यूव्हीचा बराचसा भाग आरामात खाली येतो. म्हणजे सोयाबीन काढताना ऑक्टोबरच्या दुपारी, किंवा पावसानं उघडीप दिली की डवरणीच्या वेळी गॉगलची गरज असतेच, फक्त तेव्हा कोणाला आठवत नाही.

आता काळ्या काचेचा धोका. समोर अंधारलं की डोळ्याची बाहुली मोठी होते आणि आपण डोळे बारीक करणंही बंद करतो. काचेत यूव्ही अडवायची ताकद नसेल तर त्या मोठ्या झालेल्या बाहुलीतून यूव्ही आत जायला उलट मोकळी वाट मिळते. म्हणून नुसता काळा रंग दिलेलं हलकं प्लास्टिक घालण्यापेक्षा टोपी घालून डोळे बारीक केलेले बरे. उलट पॉलिकार्बोनेट नावाच्या मजबूत प्लास्टिकची पांढरी पारदर्शक काचसुद्धा जवळपास सगळे यूव्ही अडवते. यावरूनच ओळखा की रंगाकडं पाहून काही कळत नाही.

तर पहिली अट यूव्ही ४००. म्हणजे ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडवणारी काच. दांडीच्या आत नाहीतर काचेवरच्या स्टिकरवर ते लिहिलेलं असतं, पण स्टिकर कोणीही छापतं, युरोपातल्या मानकाचा सीई चा शिक्काही कोणीही मारतं, म्हणून तपासून पाहायचं. सगळ्यात खात्रीचं काम म्हणजे तालुक्याच्या चष्म्याच्या दुकानात जायचं, बऱ्याच दुकानांत यूव्ही मोजायचं छोटं मशीन असतं, काच त्यात धरली की आकडा येतो, मिनिटभराचं काम आहे, घेतलेला गॉगल दुसरीकडचा असला तरी विचारायला लाजू नका.

मशीन नसेल तर नोट तपासायचा जांभळा लाईट वापरा, तो कृषी केंद्रात, पेट्रोल पंपावर, बँकेत कुठंतरी मिळतोच. पाचशेची नोट थोड्या अंधारात त्या लाईटखाली धरली की नंबरची जागा आणि नोटेतले बारीक धागे चमकतात. मग लाईट आणि नोट यांच्या मधात गॉगलची काच धरायची. इथं लोक चुकतात, ते काचेतूनच नोटेकडं पाहतात, तसं केलं तर काळ्या काचेतून सगळंच अंधारं दिसणार. तुम्ही नोटेकडं बाजूनं मोकळ्या डोळ्यानं पाहायचं, फक्त लाईट काचेतून जाऊ द्यायचा. धाग्यांची चमक विझली तर काच काम करते, चमक तशीच राहिली तर तो गॉगल ठेवून द्या. स्वस्त टॉर्चमधून दिसणारा जांभळा उजेडही निघतो आणि तो थोडा काचेपलीकडं जातोच, त्यामुळं नोटेवर जांभळट डाग दिसला म्हणून घाबरायचं नाही, धागे चमकतात का एवढंच पाहायचं. अन् त्या टॉर्चमध्ये थेट डोळे घालायचे नाहीत. ही चाचणी काही प्रयोगशाळेची नाही, पण एकदम बेकार माल यात लगेच उघडा पडतो.

यूव्हीचं झालं, आता काळेपणा किती पाहिजे. यासाठी ० ते ४ असे वर्ग ठरलेले आहेत, चांगल्या गॉगलवर कॅट. ३ वगैरे लिहिलेलं असतं. ० म्हणजे जवळपास पारदर्शक, ८० टक्क्यांच्या वर उजेड आत येतो. १ मध्ये ४३ ते ८०, २ मध्ये १८ ते ४३, ३ मध्ये ८ ते १८ आणि ४ मध्ये फक्त ३ ते ८ टक्के. आपल्या उन्हाळ्याला ३ नंबर बरोबर बसतो. ४ नंबर बर्फाळ डोंगरासाठी असतो, तो घालून गाडी चालवायची नसते, कारण झाडाच्या सावलीत बसलेलं ढोर किंवा रस्त्यातला खड्डा त्यातून दिसतच नाही. "सगळ्यात काळा दे" म्हणणाऱ्यानं हे विशेष लक्षात ठेवा. तुमचं येणंजाणं मेळघाट, ताडोबा किंवा नागझिऱ्याकडच्या जंगलाच्या रस्त्यानं असेल, जिथं क्षणात ऊन क्षणात सावली, तर २ आणि ३ च्या मधातली तपकिरी काच जास्त सोयीची.

रंगाचं थोडक्यात सांगतो. करडी काच सगळे रंग जसेच्या तसे दाखवते, सिग्नल ओळखायला, पिकाचा पिवळेपणा पाहायला, कापसाची प्रत पाहायला चांगली. तपकिरी काच निळा उजेड कापते, त्यामुळं खाचखळगे, गिट्टी, मातीचा चढउतार ठळक दिसतो आणि आभाळात उडालेला बॉल उठून दिसतो. रोजचं काम जास्त असेल तर करडी, ग्राउंड आणि कच्चा रस्ता जास्त असेल तर तपकिरी, मला विचाराल तर तपकिरी. निळी, गुलाबी, लाल काच फोटोपुरती. आणि ते मर्क्युरी गॉगल, आरशासारखे चमकणारे, त्यात वरचा थर थोडा उजेड परत फेकतो हे खरं, पण तो थर धुळीत लवकर ओरखडतो आणि मग समोर जाळं दिसतं. घ्यायचा असेल तर घ्या, पण चमक पाहून जास्तीचे पैसे देऊ नका.

पोलराइज्ड हा शब्द दुकानदार लय वापरून राहिले आजकाल, त्याचा खरा अर्थ समजून घ्या. सपाट जागेवरून, म्हणजे तलावाचं पाणी, गाडीचा बोनेट, डांबर, नवे सिमेंट रस्ते, यांच्यावरून परतलेला उजेड एका आडव्या दिशेत जास्त असतो आणि पोलराइज्ड काच नेमका तो कापते. फरक मोठा आहे. गावागावात झालेल्या पांढऱ्या सिमेंट रस्त्यावर दुपारी गाडी चालवणाऱ्याला तो पहिल्याच दिवशी कळतो, आणि भंडारा-गोंदियाकडं तलावावर मासे धरणाऱ्याला तर पाण्याखालचंही दिसायला लागतं. तपासायचं कसं? दुकानदाराच्याच कॅल्क्युलेटरसमोर गॉगल धरा आणि हळूहळू गोल फिरवा, पोलराइज्ड असेल तर एका ठिकाणी आकडे गायब होऊन सगळं काळं होईल. बऱ्याच मोबाईलवरही असं होतं, पण सगळ्याच मोबाईलवर होत नाही, कॅल्क्युलेटर बरा.

तोटेही सांगतो. बाईकचा डिजिटल मीटर किंवा ट्रॅक्टरवरची स्क्रीन एका कोनातून अंधारी दिसू शकते, कारच्या कडक केलेल्या काचेवर ठिपके-पट्टे दिसतात, म्हणून घेण्याआधी दुकानाबाहेर येऊन आपल्याच गाडीच्या मीटरकडं पाहून घ्या. पोलराइज्ड आहे म्हणजे यूव्ही अडवतोच असंही समजू नका, ती चाचणी वेगळीच करायची. नुसतं क्रिकेट आणि पळणं असेल तर पोलराइज्ड नसला तरी चालतं. रोज गाडी असेल तर जरूर घ्या.

काचेचं मटेरियल विचारा, हे कोणी विचारत नाही आणि खेळासाठी हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. पॉलिकार्बोनेट मागा. टेनिस बॉल लागला, गाडीच्या चाकाखालची गिट्टी उडाली, बाभळीची फांदी लागली तरी ते सहसा फुटून डोळ्यात जात नाही. खरी काच म्हणजे ग्लास दिसायला एकदम स्वच्छ असते, ओरखडेही कमी पडतात, पण जड असते आणि फुटली तर तुकडे डोळ्यापाशीच, म्हणून ग्राउंडवर आणि बाईकवर नकोच. पॉलिकार्बोनेट मऊ असतं आणि लवकर ओरखडतं, त्यावर हार्ड कोटिंग असलेलं घ्या.

उन्हात आपोआप काळे होणारे, फोटोक्रोमिक, यांच्याबद्दल दुकानदार एक गोष्ट सांगत नाहीत. ही काच यूव्ही लागला की काळी होते, पण गरमीत ती कमी काळी होते. थंडीत मस्त चालते आणि आपल्या मे महिन्यात, नेमकी जेव्हा पाहिजे तेव्हा, अर्धवटच काळी होते. कारमध्ये तर समोरच्या काचेनंच बरेच यूव्ही अडवलेले असतात म्हणून तिथं ती नीट काळी होतच नाही. चष्मेवाल्यांना घरात-बाहेर सारखं करायला सोयीची आहे एवढंच, उन्हाळ्याचा गॉगल म्हणून तिच्यावर भरोसा ठेवू नका.

आता फ्रेम. धातूची फ्रेम इकडं कामाची नाही. गाडीच्या हँडलला अडकवून पाच मिनिटं उन्हात ठेवली की कानाला अन् नाकाला चटका बसतो. टीआर-९० म्हणून लवचिक नायलॉनची फ्रेम येते, हलकी असते, वाकवली तरी परत सरळ होते, ती घ्या. नाकावर आणि कानामागं रबर पाहिजे. साधं प्लास्टिक घामानं घसरतं आणि मग माणूस गाडी चालवता चालवता एका हातानं गॉगल वर करत बसतो. दांडीच्या आत ५८-१६-१४० असे आकडे असतात, पहिला काचेची रुंदी, दुसरा नाकावरच्या पुलाची, तिसरा दांडीची लांबी, सगळं मिलिमीटरमध्ये. तुम्हाला नीट बसणारा एखादा जुना चष्मा असेल तर त्याचे आकडे लिहून घ्या, ऑनलाइन मागवताना हेच कामी येतं.

फिटिंग पाहायची पद्धत अशी. गॉगल घाला, मान खाली घालून जोरात हलवा, पडला नाही पाहिजे. मग हसा, गाल वर येऊन फ्रेम उचलली जात असेल तर मोठी आहे. पापण्या काचेला लागत असतील तर नको, घामाचे अन् तेलाचे डाग पडत राहतील. शेवटी सूर्याकडं पाठ करून उभं राहा, मागून आणि बाजूनं किती उजेड आत येतो ते पाहा, कारण बाजूनं येणारा उजेड आणि धूळ दोन्ही तेवढेच त्रासदायक असतात. थोडा गोलाईचा, कानशिलाकडं वळलेला गॉगल म्हणूनच बरा. पण पूर्ण चिकटलेला नको. आपण खाली दुपट्टा नाहीतर गमछा बांधतो, श्वासाची वाफ नाकावरून वर जाते आणि काच धुरकटते, वरच्या बाजूला बारीक फट असली तर वारा खेळतो. दुकानात जाताना दुपट्टा आणि हेल्मेट सोबतच न्या. पूर्ण हेल्मेटमध्ये जाड आणि खूप वळलेली दांडी जात नाही, गेली तर कानावर दाबते आणि अर्ध्या तासात डोकं दुखायला लागतं. सरळ पातळ दांडी घ्या.

खेळाप्रमाणं थोडं बदलतं. क्रिकेटमध्ये उंच कॅच सूर्याच्या दिशेनं आला तर गॉगलचा फायदा होतो, पण खालची जाड फ्रेम बॉल झाकते, म्हणून खालून मोकळी, अर्ध्या फ्रेमची घ्या. गॉगल घातला म्हणून सरळ सूर्याकडं पाहायचं नाही, ग्रहणात तर अजिबात नाही, त्याचे चष्मे वेगळे असतात. कबड्डी, खो-खो, कुस्तीत काहीच घालू नका, दुसऱ्याचा हात लागला की फ्रेम डोळ्यातच जाते. भरतीची तयारी करणारी पोरंपोरी पहाटे अंधारात रस्त्यावर १६०० आणि ८०० मीटर मारतात, त्यांना काळ्या काचेचं काम नाही, पण येणाऱ्याजाणाऱ्या ट्रकची धूळ आणि किडे यांच्यासाठी पांढरी काच उपयोगी आहे. शंकरपट पाहायला जाणाऱ्यांनाही तेच सांगतो, तिथं उन्हापेक्षा धूळ जास्त.

इथंच माझी खरी शिफारस येते. एकच गॉगल घ्यायचा असेल तर काचा बदलता येणारा स्पोर्ट्स गॉगल घ्या, ज्यात एक काळी किंवा तपकिरी काच, एक पांढरी आणि एखादी पिवळी येते. दुपारी काळी लावा. दिवस मावळला की वावरातून परत येताना पांढरी लावा, पावसाळ्यात संध्याकाळी बाईकच्या उजेडावर जे किडे येतात ते एकदा डोळ्यात गेले की माणूस गाडीसकट नालीत जातो. पिवळी ढगाळ दिवसाला किंवा सकाळच्या धुक्याला. रात्री पिवळी लावली की समोरच्या गाडीचा लाईट कमी लागतो असं सांगून विकतात, ते खरं धरू नका, रात्री कोणतीही रंगीत काच उजेड कमीच करते आणि अंधारात चालणारा माणूस उशिरा दिसतो. सगळ्या काचांवर नोटेची चाचणी करा, सेटमधली एक चांगली आणि बाकी नावापुरत्या असं होतं. काच काढता-घालताना खटका घट्ट बसतो का तेही दुकानातच करून पाहा.

ज्यांना नंबर आहे त्यांनी चष्म्यावर बसणारी क्लिप घ्यावी किंवा नंबरचाच गॉगल बनवून घ्यावा. नंबर मोठा असेल तर खूप गोलाईची फ्रेम नको, कडेला वेडंवाकडं दिसतं आणि चक्कर आल्यासारखं होतं.

लेकरांचं मात्र मनापासून सांगतो. तान्हा पोळ्याला, जत्रेला आपण लहान्यांना वीस-तीस रुपयांचे रंगीत गॉगल घालून देतो, फोटो छान येतात. फोटो काढा अन् काढून घ्या. लेकरांच्या डोळ्यातलं नैसर्गिक भिंग मोठ्यांपेक्षा जास्त स्वच्छ असतं, त्यामुळं यूव्ही आतपर्यंत जास्त जातात. उन्हात खेळणाऱ्या लेकराला टोपी द्या, आणि गॉगल द्यायचाच तर खरा द्या.

हा गॉगल कशासाठी नाही तेही ऐका. फवारणीसाठी नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आपण कोणी विसरलो नाही. फवारणीला चारही बाजूंनी बंद असलेला सेफ्टी गॉगल लागतो, मास्क, हातमोजे अन् पूर्ण बाह्यांचे कपडे लागतात, उन्हाच्या गॉगलच्या फटीतून तुषार सरळ डोळ्यात जातो. थ्रेशरपाशी आणि ब्रश कटर चालवतानाही सेफ्टी गॉगलच. वेल्डिंग पाहायला तर हा चालतच नाही, त्याची काच पूर्ण वेगळी असते. आणि डोळे आले असतील तर गॉगलनं उजेडाचा त्रास कमी होतो पण साथ थांबत नाही, आपला गॉगल त्या दिवसांत दुसऱ्याला देऊ नका, दुसऱ्याचा घेऊ नका.

पैशाचं म्हणाल तर साधारण पाचशे ते बाराशे रुपयांत पॉलिकार्बोनेट, यूव्ही ४००, लवचिक फ्रेम असा चांगला गॉगल मिळून जातो, पोलराइज्डही मिळतो. त्याच्या वरचे पैसे बहुतेक नावाचे असतात. नागपूरला सीताबर्डीच्या फूटपाथवर भारी कंपनीचं नाव असलेला दीडशेत मिळतो तेव्हा ते नाव खरं नसतं एवढं आपल्यालाही कळतं, पण काच चांगली निघू शकते का? कधीकधी निघते, म्हणूनच नोटेची चाचणी सांगितली. तरी बिल देणाऱ्या दुकानातून घेणं बरं, काच फसवी निघाली तर परत तरी करता येते.

घेतल्यावर सांभाळायचं काम उरतं. काचेवर धूळ असताना शर्टाच्या टोकानं पुसायचं नाही, आपली धूळ म्हणजे बारीक वाळूच आहे, एका पुसण्यात ओरखडे पडतात. आधी पाणी ओता, लय घाण असेल तर भांड्याच्या पातळ साबणाचा एक थेंब बोटानं फिरवा, धुवा, मग मऊ सुती कापडानं टिपा. घामाचं मीठ संध्याकाळी धुऊन टाका, नाहीतर स्क्रू गंजतात अन् रबर चिकट होतं. गाडीच्या टाकीवर, डॅशबोर्डवर, ट्रॅक्टरच्या मडगार्डवर उन्हात ठेवू नका, गरमीनं कोटिंगला बारीक भेगा पडतात आणि पोलराइज्ड काचेचे थर सुटून कडेला फुगे येतात. डोक्यावर चढवून ठेवायची सवय असेल तर फ्रेम सैल होते, त्यापेक्षा मागं दोरी लावून गळ्यात सोडा. आणि काचेवर समोरच ओरखडे दिसायला लागले, फुगे आले, किंवा घातल्यावर डोकं दुखायला लागलं तर ती काच बदला, बदलत्या काचांच्या गॉगलमध्ये फ्रेम तीच राहते, नुसती काच वेगळी मिळते का हे घेतानाच दुकानदाराला विचारून ठेवा.